अर्धा पगार आणि वैमानिक: बेळगावच्या उद्यमबागेतल्या वाचकाला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. दोन ओळींत भागण्यासारखी नाही, म्हणून सविस्तर लिहितो. वैमानिकांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचं म्हणणं असं: लाखांत पगार घेणाऱ्यांना कामगार म्हणू नये, कंपनी अडचणीत असताना ते सिक लीव्ह टाकून प्रवाशांना लटकवतात, जेट एअरवेज त्यांनीच बुडवली, आणि लॉकडाऊनमध्ये तुम्ही तुमच्या मशीन शॉपमध्ये तीन महिने अर्धा पगार दिला, तरी ४० जणांपैकी एकानेही तोंडातून शब्द काढला नाही, मग यांनाच काय झालंय?

जेटचं अजिबात मान्य नाही. २०१९ च्या जानेवारीपासून तिथल्या वैमानिकांचे पगार थकले होते आणि तरी ते विमानं उडवत होते. पगार नाही तर १ एप्रिलपासून उड्डाण नाही, असं त्यांच्या संघटनेने जाहीर केलं, मग स्वतःच ते १५ एप्रिलपर्यंत पुढे ढकललं. कंपनी बंद पडली १७ एप्रिलला, बँकांनी तातडीचे पैसे द्यायला नकार दिला म्हणून. तीन महिने पगाराविना काम करणाऱ्या माणसावर कंपनी बुडवल्याचा ठपका ठेवायचा, हे मला सहन होत नाही.

सिक लीव्हच्या बाबतीत मात्र मी तुमच्या बाजूचा आहे. २००९ मध्ये संघटना काढली म्हणून जेटने दोन वैमानिकांना कामावरून काढलं, आणि सप्टेंबरमध्ये शेकडो वैमानिक एकदम 'आजारी' पडले. दोघांना परत घ्या ही मागणी रास्तच होती. रस्ता चुकला. 'आज मी फिट नाही' असं वैमानिक म्हणाला की त्याला उलट प्रश्न करायचा नसतो, मागे बसलेल्या दीडशे जणांचा जीव त्या शब्दावर असतो. तो शब्द भांडणात वापरला की उद्या खरोखर ताप आलेल्याकडेही संशयाने बघतात. फ्लाइट रद्द झाली आणि आईला घेऊन तुम्ही बेंगळुरूच्या विमानतळावर रात्र काढलीत, तो राग मला पोचला.

पण प्रत्येक वेळी विमान वैमानिकामुळे अडत नाही. डिसेंबर २०२५ आठवा. इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, आणि तेव्हा संप नव्हता. वैमानिकांची आठवड्याची विश्रांती ३६ वरून ४८ तास करायची, रात्रीची लँडिंग ६ वरून २ वर आणायची, हे नियम जानेवारी २०२४ मध्येच जाहीर झाले होते. दुसरा टप्पा १ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाला, तेव्हा कंपनीकडे माणसं पुरेना. शेवटी सवलत मिळाली ती कंपनीला, नियमातून.

आणखी एक. वैमानिकाला नोकरी सोडायची तर, २०१७ च्या नियमाप्रमाणे, कॅप्टनने एक वर्ष आणि को-पायलटने सहा महिने आधी कळवायचं. माणूस तयार करायला वेळ लागतो, ते कारण मला पटतं. मग पगार कापायच्या आधी किती दिवस सांगायचं? कोविडात इंडिगोने वैमानिकांचे पगार कापले. २०२२ मध्ये विमानं पुन्हा भरू लागली, तरी कापलेलं टप्प्याटप्प्यानेच परत येत होतं, आणि त्यावरून संपाची तयारी केली म्हणून एप्रिलमध्ये काही जणांना निलंबित केलं.

आता तुमच्या शॉपकडे येतो. तुम्हीच लिहिलंय की पहिल्या आठवड्यात सगळ्यांना गेटजवळ बोलावलंत, हातातल्या ऑर्डरी वाचून दाखवल्यात, आणि स्वतः घरी एक रुपया नेला नाहीत. म्हणून कोणी बोललं नाही, दादा. पगार कमी-जास्त असल्यामुळे नव्हे.

मी २००९ च्या मंदीत एका फाउंड्रीत होतो. ऑर्डरी आटल्या होत्या, ते आम्हालाही दिसत होतं, भट्टी आठवड्यातून तीनच दिवस पेटायची. मालकाने बोलावलं असतं तर आम्ही मान्य केलं असतं. हजेरीच्या पंचिंग मशीनशेजारी पगारकपातीचा कागद कधी चिकटवला ते कळलंही नाही. कळलं ते पाकीट हातात आल्यावर. माझ्यापुढचा मोल्डिंगवाला नोटा पुन्हा पुन्हा मोजत होता, बोटांना काळी वाळू तशीच लागलेली, आणि दर वेळी तेवढ्याच भरत होत्या. त्या दिवसापासून त्या फाउंड्रीत कुणी कुणाचं खरं मानलं नाही. तीन वर्षांनी ऑर्डरी आल्या, ओव्हरटाइमला माणूस थांबेना.

वडगावच्या हातमागवाल्याला कोण विचारतो, असंही तुम्ही विचारलंय. खरं आहे, मीही त्याच्यावर कधी लिहिलं नाही, ते लिहायला हवं.

तुम्ही एक गोष्ट मात्र लिहिलेली नाही: त्या तीन महिन्यांच्या अर्ध्या पगाराचं पुढे काय झालं? परत दिला असेल तर कधीपासून, किती हप्त्यांत, आणि मधल्या काळात काम सोडून गेलेल्यांनाही दिला का, ते इथेच खाली लिहा. नसेल जमलं तर तेही लिहा.