‘ध्यान म्हणजे सैतानाला दार’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

एक मेसेज सध्या ख्रिस्ती ग्रुपांमधून जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ध्यान बायबलमध्ये नाही, ते पूर्वेकडच्या धर्मांतून आत शिरलं. मन रिकामं केलं की सैतान येऊन बसतो. एकच शब्द घोकायला येशूने मनाई केली आहे. श्वासाकडे लक्ष देणं म्हणजे योग. आणि खरी प्रार्थना म्हणजे देवाशी बोलणं, गप्प बसणं नव्हे. मी रोज सकाळी वीसेक मिनिटं ध्यानाला बसतो हे माहीत असलेल्या पाच जणांनी तो मला काळजीने पाठवला. पाच वेळा तेच लिहिण्यापेक्षा एकदाच लिहितो.

‘ध्यान बायबलमध्ये नाही.’ पहिल्याच स्तोत्राच्या दुसऱ्या वचनात आहे. धन्य पुरुष नियमशास्त्राचं ‘रात्रंदिवस मनन करतो’. मनन म्हटलं की आपल्याला डोक्यातल्या डोक्यात चाललेला विचार वाटतो, पण मूळचं हिब्रू क्रियापद ‘हागा’ हे तोंडाचं आहे. यशया ३१:४ मध्ये शिकारीवर बसलेला सिंह गुरगुरतो, तिथे हेच क्रियापद. ३८:१४ मध्ये पारवा घुमतो, तिथेही हेच. म्हणजे वचन ओठांत घोळवत राहणं. म्हणूनच यहोशवा १:८ मध्ये नियमशास्त्र मुखातून ढळू देऊ नकोस असं आधी सांगितलंय, मनन नंतर. लॅटिन बायबलने या जागी जे क्रियापद घातलं, त्याच घराण्यातला ‘मेडिटेशन’ हा शब्द. मेसेज ज्या शब्दाला भितो, तो स्तोत्राच्या भाषांतरात शतकानुशतकं बसलेला आहे.

इथे आपल्याच बाजूचा एक कान धरायला हवा. ध्यानाचे समर्थक ऊठसूट स्तोत्र ४६ मधलं ‘शांत राहा, आणि जाणा की मी देव आहे’ पुढे करतात. त्याच्या आधीचं वचन वाचा: धनुष्य मोडतंय, भाले तुटतायत, रथ जळतायत. तिथलं ‘शांत राहा’ हे लढणाऱ्यांना आहे, हात आवरा म्हणून. डोळे मिटून बसण्याचा पुरावा म्हणून ते चालत नाही. त्याची गरजही नाही.

‘मन रिकामं केलं की सैतान शिरतो.’ याला आधार म्हणून मत्तय १२ मधलं झाडून ठेवलेलं रिकामं घर दिलंय, जिथे अशुद्ध आत्मा आणखी सात घेऊन परततो. येशूने तो दाखला चिन्ह मागणाऱ्या पिढीला सुनावला आहे. ‘या दुष्ट पिढीचेही तसेच होईल’ हे शेवटचं वाक्य मेसेजात गाळलंय. पण ते सोडा. मुळात मन रिकामं करतंय कोण?

गेल्या आठवड्यात मी ध्यानाला बार्तीमयाचा प्रसंग घेतला होता, मार्क १०. तिसऱ्यांदा सावकाश वाचताना ‘आपले वस्त्र टाकून तो उठला’ इथे अडकलो. रस्त्याच्या कडेला बसणारा आंधळा भिकारी, येशूने बोलावताच उठलेला. ते वस्त्र म्हणजे त्याचं पांघरूण, कदाचित नाणी झेलायचं फडकंही तेच. दिसत नसताना त्याने ते भिरकावलं. दृष्टी मिळाली नसती तर गर्दीत ते पुन्हा चाचपडत शोधायचं कसं? त्याने परतीची सोयच ठेवली नाही. मग हळूहळू प्रश्न माझ्याकडे वळला, की मी काय काय घट्ट धरून बसलोय. मधे तीनदा मन पळालं, एकदा न पाठवलेल्या उत्तराकडे, दोनदा दुखऱ्या गुडघ्याकडे. तिन्ही वेळा त्या वस्त्रापाशी परत आलो. वीस मिनिटं संपली. यात रिकामं काय होतं?

ही रीत माझी नव्हे. बाराव्या शतकातल्या ग्वीगो नावाच्या, कार्थुसियन या कॅथलिक संघातल्या मठवासीयाने तिच्या चार पायऱ्या लिहून ठेवल्यात: वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. त्याच्या मते वाचन घास तोंडात ठेवतं, मनन तो चावतं, प्रार्थनेला चव लागते आणि चिंतन म्हणजे ती गोडीच.

‘एकच शब्द घोकणं म्हणजे व्यर्थ बडबड.’ मत्तय ६:७ मध्ये कारण दिलंय: पुष्कळ बोलल्याने आपलं ऐकलं जाईल असं परराष्ट्रीयांना वाटतं. म्हणजे दोष भरमसाट शब्दांनी देवाला वळवू पाहण्याचा आहे. तेच ते म्हणण्याचा असता, तर स्तोत्र १३६ मध्ये एकच ओळ २६ वेळा आली नसती आणि अटकेआधी गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदा ‘त्याच शब्दांत’ प्रार्थना केली नसती.

‘श्वास म्हणजे योग.’ या मुद्द्यात तथ्य आहे, पण अर्धंच. १९७०च्या दशकात ‘मरानाथा’ (‘प्रभू, ये’) या शब्दावर ध्यान शिकवणारे, बेनेडिक्टाइन या कॅथलिक संघातले फादर जॉन मेन ही पद्धत मलायात (आजच्या मलेशियात) एका हिंदू स्वामींकडून शिकले होते, आणि त्यांनी ते कधी लपवलं नाही. मात्र नंतर त्यांना तेच पाचव्या शतकातल्या जॉन कॅशियन या मठवासीयाच्या लिखाणात सापडलं: ‘हे देवा, मला साहाय्य करण्यास ये’ ही स्तोत्र ७० मधली ओळ अखंड म्हणत राहा. श्वासाचंही तसंच. ग्रीसमधल्या अ‍ॅथॉस पर्वतावरचे ऑर्थोडॉक्स मठवासी ‘प्रभू येशू ख्रिस्ता, मज पाप्यावर दया कर’ ही प्रार्थना श्वासाच्या लयीत म्हणत, तेव्हा बार्लाम नावाच्या विद्वानाने त्यांची ‘बेंबीत आत्मा शोधणारे’ म्हणून टर उडवली. त्यांच्यातल्याच ग्रेगरी पालामासने त्यांची बाजू मांडली आणि १३४१ मध्ये कॉन्स्टँटिनोपलच्या धर्मसभेने ती उचलून धरली. १५४८ मध्ये छापलेल्या आपल्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तकात जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस लोयोलाही सांगतो, प्रभूच्या प्रार्थनेतला एकेक शब्द एकेका श्वासासोबत म्हणा.

खरा धोका वेगळा आहे आणि मेसेजने नेमका तोच सोडलाय. व्हॅटिकनने १९८९ मध्ये याच विषयावर पत्र काढलं, त्यावर पुढे पोप झालेल्या कार्डिनल रॅटझिंगर यांची सही आहे. इतर धर्मांतल्या पद्धती सरसकट झिडकारू नका, असं ते पत्र म्हणतं. पण शरीर सैलावल्याने वाटणारी शांती, ऊब, प्रकाश यांनाच पवित्र आत्म्याचं सांत्वन समजलात तर साफ चुकलात, असंही म्हणतं. मला हे पटतं. मलाही कधी कधी छान वाटतं, आणि बऱ्याचदा ते फक्त झोप नीट झाल्याचं लक्षण असतं.

‘हे कॅथलिकांचं खूळ’ अशी एक ओळ मेसेजात मधेच आहे. पण प्रोटेस्टंट पंथाचा आद्य सुधारक ल्यूथरने १५३५ मध्ये आपल्या न्हाव्याला, पीटरला, एकेका आज्ञेवर मनन कसं करायचं ते लिहून दिलं होतं. हिटलरच्या काळातला जर्मन प्रोटेस्टंट पाळक बॉनहोफर फिंकेनवाल्डच्या पाळकशाळेत विद्यार्थ्यांना रोज अर्धा तास एकाच उताऱ्यावर गप्प बसवायचा, आणि तो उतारा आठवडाभर बदलायचा नाही. विद्यार्थी कुरकुरायचे.

राहिलं शेवटचं, ‘गप्प बसणं ही प्रार्थना नव्हे’. लूक १० काढा. येशू दोघी बहिणींच्या घरी आलाय. मरीया त्याच्या पायांशी बसून ऐकते आहे, आणि त्या अख्ख्या प्रसंगात तिच्या तोंडी एक शब्द नाही. बोलते ती मार्था.