आकाश निरभ्र आहे म्हणून काय झालं?

"काल काय सुंदर आकाश होतं! भरपूर फोटो काढले असशील ना?" हा प्रश्न यापुढे मला कुणीही विचारू नये. खरंच सांगतोय. मी दुर्बिणीतून ग्रहांचे फोटो काढतो, आणि हा प्रश्न ऐकला की डोकं फिरतं माझं.

आकाश निरभ्र असणं वेगळं आणि हवा स्थिर असणं वेगळं. पुण्यातल्या शिकल्यासवरल्या लोकांना एवढं का समजत नाही? थंडीत वारा सुटतो, धुरकं वाहून जातं, तारे लुकलुकायला लागतात आणि लोक खूश. अहो, लुकलुकणं म्हणजे हवा खवळलेली, म्हणजेच माझ्या रात्रीचं वाटोळं! शाळेत शिकलो आपण, तारे लुकलुकतात, ग्रह लुकलुकत नाहीत. परवा गुरू लुकलुकत होता. ताऱ्यासारखा नुसता ठिपका नव्हे, ४६ विकलांची (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) तबकडी असलेला गुरू, नुसत्या डोळ्यांना! मग दुर्बिणीत काय दिसणार? उलट जी रात्र मळकट, कोंदट, पान हलत नाही अशी असते, आणि "आज काही दिसायचं नाही" म्हणून सगळे झोपून जातात, तेव्हा बऱ्याचदा गुरूवरचे पट्टे रेखीव दिसतात.

आणि हे घडावं कधी, तर आत्ता! १० जानेवारी २०२६ ला गुरूची प्रतियुती झाली, म्हणजे तो सूर्याच्या बरोबर समोर आला; तेव्हाच तो सगळ्यात मोठा आणि तेजस्वी दिसतो. मिथुनेत, पुनर्वसूच्या जोडीजवळ आहे तो. त्याची क्रांती (खगोलीय विषुववृत्तापासूनचं अंतर) २२ अंश उत्तर, पुण्याचे अक्षांश साडेअठरा. म्हणजे मध्यावर येतो तेव्हा जवळजवळ डोक्यावरच. मधला हवेचा थर याहून पातळ होऊच शकत नाही. शनीचं तर बोलायलाच नको. २०२३ ला २७ ऑगस्ट, २०२४ ला ८ सप्टेंबर, २०२५ ला २१ सप्टेंबर. त्याच्या प्रतियुत्या ऐन पावसाळ्यात. आमच्या हातात उरतो तो थंडीतला गुरू. तोही नीट मिळू नये?

आठ इंची दुर्बीण, बार्लो (प्रतिमा मोठी करणारं भिंग), कॅमेरा, सगळं जागेवर. कॉलिमेशन, म्हणजे आरशांची जुळणी, तपासलेलं. लॅपटॉपवर गुरू येतो आणि त्याची कड सळसळत असते. पट्टे एकमेकांत मिसळतात, सुटे होतात, पुन्हा मिसळतात. लाल ठिपका क्षणभर स्वच्छ उमटतो, हात माऊसकडे जाईपर्यंत फिस्कटतो. फोकसचं चाक इकडे फिरवा, धूसर. तिकडे फिरवा, धूसर. फोकस चुकलाय की हवा खवळलीय, कळायला मार्ग नाही! आणि वेळ तरी कुठे आहे? गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो. दोन-तीन मिनिटांच्या पुढे व्हिडिओ नेला की ठिपका सरकून बारीक तपशील पुसला जातो. त्या तेवढ्या वेळातल्या हजारो फ्रेममधून बऱ्या निवडायच्या आणि एकावर एक रचायच्या. बरी फ्रेमच नसेल तर फ्रेम रचणारं ऑटोस्टॅकर्ट सॉफ्टवेअर काय रचणार, कपाळ?

वर सल्ले. "एआयने साफ करून घे की." नको! जे कॅमेऱ्यात आलंच नाही ते एआय मनाने रंगवतं. तो गुरूचा फोटो नाही, खोटं चित्र आहे, आणि ते मला नको. "सिंहगडावर जा, पानशेतला जा, तिकडे अंधार असतो." ग्रहांना अंधार लागत नाही हो! रस्त्यावरचे दिवे गुरूचं काही बिघडवत नाहीत. बिघडवते ती हवा, आणि डोंगराच्या धारेवर वारा आपटून तीच हवा आणखी घुसळली जाते.

वरून जाणाऱ्या जेट स्ट्रीमवर माझा राग नाही. दहा-बारा किलोमीटर उंचीवरचा वारा, तो कधी दक्षिणेकडे सरकला तर सरकला. राग आहे तो पायाखालच्या धगीचा. आमच्या जुन्या घराला मातीचं अंगण होतं, पेरूचं झाड होतं. अंधार पडला की तासा-दोन तासांत माती गार व्हायची. रीडेव्हलपमेंट झालं, अंगणावर पार्किंग आणि पेव्हिंग ब्लॉक आले. उरली गच्ची. तर गळती थांबवायला सोसायटीच्या कमिटीने तिच्यावर काळंकुट्ट डांबरी शीट अंथरलं! पुण्यात जानेवारीत दुपारी ३० अंश, पहाटे ११-१२. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्र उलटली तरी धग सोडत असतो. हात टेकवून बघा, कोमट लागतो. ती गरम हवा नळीच्या तोंडासमोरूनच वर चढते. पंखा लावून आरसा गार करीन मी, अख्खी गच्ची कशी गार करू?

पांढरा, ऊन परतवणारा रंग लावा म्हटलं. पूर्ण गच्चीला नको, एका कोपऱ्याला लावा. माझ्या खर्चाने लावतो. उत्तर काय, "सगळ्यांची संमती लागेल, आणि गच्ची विद्रूप दिसेल." विद्रूप? वर चढतंय कोण बघायला? टाकी साफ करणारा सोडला तर कुणी फिरकत नाही तिथे! शेवटच्या मजल्यावरच्या काकू एप्रिलमध्ये उकाड्याने रडकुंडीला येतात, त्यांच्या छताखालची भट्टीही हीच आहे. त्यांचंही ऐकायचं नाही?

पुढची प्रतियुती १० फेब्रुवारी २०२७ ला आहे. तोवर प्रत्येक मीटिंगमध्ये हा विषय निघणार, आणि आता काकूही माझ्या बाजूने उभ्या राहणार आहेत. कंटाळा आला तर रंगाची परवानगी द्या.