‘स्टुडंट नकोत, फॅमिली असेल तर बोला’

आज डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांबलंय, वेळ असेल तर वाचा.

भाचीला चर्चगेटला लॉला अ‍ॅडमिशन मिळाली. ताई-भावजी लातूरला, त्यामुळे खोली शोधायचं काम माझ्याकडे आलं. सकाळपासून गिरगावातल्या ठाकूरद्वार, फणसवाडी, मुगभाट, पार खोताच्या वाडीपर्यंत फिरलो. एका इमारतीच्या सेक्रेटरीने तर आम्हाला ‘बसा’सुद्धा म्हटलं नाही. "स्टुडंट नकोत. फॅमिली असेल तर बोला." पोर समोर उभी. मी विचारलं, का हो? तर म्हणे रात्री-अपरात्री येतात, वातावरण बिघडतं.

गिरगावात! विद्यार्थ्यांमुळे वातावरण बिघडतं!

अहो, हे गाव उभंच शिकणाऱ्या पोरांवर आहे. विल्सन कॉलेज 1889 पासून चौपाटीकडे तोंड करून उभं आहे. धोबीतलावला झेवियर्स. चर्चगेटला सिडनहॅम, जयहिंद, केसी, एसएनडीटी, गव्हर्न्मेंट लॉ. ओव्हल मैदान ओलांडलं की राजाबाई टॉवर आणि 1857 सालचं विद्यापीठ. ज्या नाना शंकरशेटांनी मुंबईच्या शिक्षणासाठी आयुष्य वेचलं ते गिरगावचेच, आणि विद्यापीठाचं चर्चगेटचं वसतिगृहही त्यांच्याच नावाचं. कोकणातून, घाटावरून ट्रंक घेऊन आलेल्या मुलांनी इथल्या चाळींत कॉट भाड्याने घेतली, खानावळीत जेवले, आणि वकील, डॉक्टर, मास्तर, नट होऊन बाहेर पडले. तुमच्यापैकी निम्म्यांच्या घरात असा एक तरी काका, मामा असेल.

मीही तशीच आले होते. ठाकूरद्वारच्या एका चाळीत, दुसऱ्या माळ्यावर, आजींकडे. बाहेरच्या खोलीत आम्हा तिघींच्या कॉट, आत आजी-आजोबा. आजोबांना उजेडात झोप लागायची नाही, म्हणून दहाला दिवा बंद. मग परीक्षेच्या दिवसांत आम्ही पुस्तकं उचलून मरीन लाइन्सचा पूल ओलांडायचो आणि मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर दिव्याखाली बसायचो. आजी एकदाही नको म्हणाल्या नाहीत. निघताना शाल हातात द्यायच्या, "वारं लागेल गं" म्हणून, आणि परत येईपर्यंत कडी न लावता गॅलरीत बसून राहायच्या. रात्री-अपरात्री येणाऱ्या मुली त्या आम्हीच.

एका रात्री बीडची माझी मैत्रीण मोठ्याने संविधानातलं कलम 21, जीविताचं आणि व्यक्तिस्वातंत्र्याचं, पाठ करत होती. भरती होती, खालच्या टेट्रापॉडवर, म्हणजे लाटा अडवायला टाकलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर, लाटा आपटत होत्या, म्हणून तीही ओरडूनच म्हणत होती. कॅनव्हासचे बूट घातलेले एक म्हातारे गृहस्थ फेरी मारता मारता थांबले. म्हणाले, "पाठ कशाला करतेस? मनेका गांधी वाचलंस का?" ती गप्प. मग कठड्याला टेकून त्यांनी आम्हाला मनेका गांधी खटल्याचा 1978 चा तो निकाल समजावला. कायद्यात कार्यपद्धती लिहिलेली आहे एवढ्याने भागत नाही, ती न्याय्य आणि वाजवी असायला लागते. सरकारने मनेका गांधींचा पासपोर्ट जप्त केला आणि कारण द्यायला नकार दिला, तर त्या बाईने विचारायचं कुठे? एवढ्या साध्या शब्दांत सांगितलं की पुस्तक उघडायची गरज उरली नाही. आमच्याच पलीकडच्या वाडीतले निवृत्त वकील निघाले. दुसऱ्या दिवशी स्वतःच्या जुन्या नोट्स आजींकडे ठेवून गेले. जांभळ्या शाईतलं बारीक अक्षर, समासात तारखा. मी आज कोर्टात उभी राहते त्यात त्या समासांचा वाटा आहे.

असं क्लासमध्ये होत नाही. विरार लोकलमध्ये चौथ्या सीटसाठी भांडताना तर नाहीच.

मला माहीत आहे तुम्ही काय म्हणाल. विद्यापीठाचे बहुतेक विभाग कधीच कालिन्याला गेले. गेले, मान्य. पण ही कॉलेजं हललीत का? दरवर्षी नवी पोरं येतातच ना इथे?

आणि घरमालकांचीही बाजू आहे, ठीक आहे. पागडीच्या, म्हणजे एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्यावर घेतलेल्या, खोलीत मालकाला न विचारता पोटभाडेकरू ठेवला तर जागा हातची जाऊ शकते, भाडेनियंत्रणाचा कायदा मीही वाचलाय. काही पोरं भाडं थकवून पळतात, तेही होतं.

पण आज जे ऐकलं त्यात कायद्याची भीती कुठेच नव्हती. एजंट सरळ म्हणाला, "मॅडम, आता इथे कंपनी लीज चालतं, मुलांना बोरिवलीच्या पुढे बघा." कंपनी लीज म्हणजे कंपनीने आपल्या माणसांसाठी भाड्याने घेतलेली जागा. डिपॉझिटचा आकडा ऐकून ताई फोनवर गप्पच झाली. म्हणजे लातूरच्या मुलीने रोज तीन-चार तास गाडीत लटकायचं, आणि समुद्रासमोरचे दिवे कोणासाठी? 2018 मध्ये इथल्या आर्ट डेको इमारती जागतिक वारसा झाल्या तेव्हा आपण सगळ्यांनी फोटो टाकले होते. मीही टाकला. इमारती राखायच्या आणि त्यांच्या सावलीत वाढलेली माणसं हाकलायची, हा कसला वारसा? संताप येतो.

पुनर्विकास नको असंही मी म्हणत नाहीये. चाळीच्या टोकाचा संडास आणि पावसाळ्यात गळणारं छप्पर मी भोगलंय, आजींचे गुडघे त्या जिन्यानेच गेले. त्यांना लिफ्ट मिळायला हवी होती. पण टॉवर उठताना त्यात चार खोल्या शिकणाऱ्या मुलांसाठी का नसाव्यात? गाड्यांसाठी मजलेच्या मजले निघतात.

चहा घेऊन आले, आता जरा शांत झालेय.

चालून दमलो तेव्हा भाचीला चर्नी रोडच्या बागेजवळ घेऊन गेले. शाळकरी भीमराव त्या बागेत वाचत बसायचे. कृष्णाजी अर्जुन केळुसकर तिथे यायचे, त्यांनी त्या मुलाला पाहिलं, विचारपूस केली, पुस्तकं दिली. पुढे 1907 साली मॅट्रिक झाल्यावर सत्कारात स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र त्याला भेट दिलं, आणि बडोद्याच्या महाराजांकडून मदत मिळवून देण्यातही त्यांचा हात होता. बाबासाहेब राहायचे परळच्या चाळीत, गिरगावात नाही, हे खरं. पण परळ आणि विरारमध्ये फरक आहे की नाही? शाळा सुटल्यावर बागेत बसायला त्यांच्याकडे संध्याकाळ होती. गाडी चुकेल म्हणून पळणाऱ्या मुलीला कोणी केळुसकर गुरुजी थांबवणार कसे? कोणी वकीलकाका कठड्यापाशी कोणाला विचारणार, मनेका गांधी वाचलंस का?

आजी गेल्या, चाळही पाडली. वकीलकाकांच्या वहीची पानं मी प्लास्टिकमध्ये घालून ठेवलीत, ती भाचीला देणार आहे. पण तिला आधी खोली हवी.

तर मंडळी, गिरगाव, ठाकूरद्वार, चिराबाजार, कुठेही. तुमच्या ओळखीत आईवडील गेल्यानंतर कुलूप लावलेली खोली असेल, एकट्या राहणाऱ्या मावशी-काकू असतील ज्यांना सोबत चालेल, तर मला मेसेज करा. मालकाची परवानगी, करार, पोलीस व्हेरिफिकेशन सगळं मी स्वतः करून देते, भाडं वेळेवर जाईल याची हमी माझी. एकच अट: परीक्षेच्या दिवसांत ती रात्री उशिरापर्यंत कठड्यावर अभ्यासाला बसली तर तिला बोलायचं नाही. कॉलेज पुढच्या आठवड्यात सुरू होतंय.