अर्धा सूर खाली

गाणाऱ्या माणसाला पट्टी बदलायला एक वाक्य पुरतं. "आज जरा अर्धा सूर खाली घेऊ या," एवढं म्हटलं की त्याचं काम संपलं. पुढचं सगळं इतरांनी निस्तरायचं.

मी त्या इतरांपैकी. हार्मोनियम वाजवतो. आमचा पाच जणांचा संच आहे. जवळपासच्या लहान सभागृहांत, कुणी बोलावलं तर, आणि बऱ्याचदा दुसऱ्या कुणी आयत्या वेळी नाही म्हटलं तर, आम्ही कार्यक्रम करतो. गाणाऱ्या ताई, तबल्यावर काका, एक बासरीवाला, एक गिटारवाला आणि मी. यातल्या चौघांना वाद्यं उचलावी लागतात. ताईंना फक्त घसा सांभाळावा लागतो, आणि तो नेमका कार्यक्रमाच्या दिवशी बसतो.

मी वाजवायला कानावरून शिकलो. त्यामुळे गाणं वाजवता यायचं, पण आपण काय वाजवतोय हे सांगता यायचं नाही. माझी सगळी गाणी पांढरी एकवर, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवर, बसलेली होती. तिथून हलवलं की बोटं भांबावायची. तालमीत काका विचारायचे, "आता कोणता सूर लावलास?" मी म्हणायचो, "हा." ते म्हणायचे, "हा म्हणजे?" मी तो परत वाजवून दाखवायचो. पाच माणसांच्या संचात हे फार दिवस चालत नाही. म्हणून मी संगीताचं शास्त्र शिकायचं ठरवलं आणि एका सरांकडे जायला लागलो.

सरांनी पहिल्या दिवशी पेटीला हात लावू दिला नाही. "आधी मोजायला शिका," म्हणाले. सात शुद्ध, चार कोमल, एक तीव्र, मिळून बारा. तेरावी पट्टी परत सा, दुप्पट कंपनसंख्येचा. इथवर ठीक होतं. मग ते म्हणाले, "सा कुठेही असतो."

हा मला धक्का होता. पांढरी एक म्हणजे सा, हे मी सूर्य पूर्वेला उगवतो तितक्या खात्रीने धरून चाललो होतो. सर म्हणाले, सा हा बिऱ्हाड बदलणारा गृहस्थ आहे. तो हलला की बाकीचे सहा जण आपापली गाठोडी उचलून त्याच्या मागे निघतात. नव्या घरात भिंतींचा रंग वेगळा असतो, पण एकमेकांपासून किती अंतरावर झोपायचं ते ठरलेलं. ते अंतर म्हणजे दोन-दोन-एक-दोन-दोन-दोन-एक. शुद्ध सप्तक, पट्ट्यांच्या हिशेबात. मी आठवडाभर ते येता-जाता पुटपुटत होतो. घरच्यांना वाटलं, ओटीपी आलाय.

अंतरं पाठ झाल्यावर सरांनी दुसरा धक्का दिला. पेटीचे बारा सूर समान अंतरावर बसवलेले असतात. प्रत्येक पट्टी आधीच्या पट्टीच्या सुमारे १.०५९५ पट. असं बारा वेळा केलं की बरोबर दुप्पट होते. हिशेब चोख, पण कानाचा हिशेब निराळा. तानपुऱ्याच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार, म्हणजे ग, सा-च्या सव्वापट असतो आणि पेटीचा गंधार त्याहून थोडा चढा. किती? अर्ध्या सुराच्या साधारण चौदा टक्के. शिवाय पेटीवर मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, येत नाही. या असल्या तक्रारींमुळेच आकाशवाणीने १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडलं.

ही माहिती मी काकांना सांगायला नको होती. आता तालमीत माझ्याकडून काहीही इकडचं तिकडे झालं की ते तबल्यावरची नजर न हलवता म्हणतात, "एकतीस वर्षं उगाच नाही."

एकदा सरांनी पेटी माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाले, "फक्त काळ्या पट्ट्या वाजवा." मी काळी तीनपासून सुरुवात केली: तीन, चार, पाच, आणि वरच्या एक, दोन. "हा राग भूप," सर म्हणाले. सा रे ग प ध. (यावर देसकारही आपला हक्क सांगतो. सूर तेच पाच, पण भूप गंधारावर रमतो आणि देसकार धैवतावर. हा भेद मला अजून कागदावरच कळतो.) मग सर म्हणाले, "आता त्याच पट्ट्या, पण सा काळी चारला धरा." झाला मध्यमाद सारंग. काळी पाचला सा धरला, मालकंस. काळी एकला दुर्गा. काळी दोनला धानी. पट्ट्या त्याच पाच, एकही नवी नाही. फक्त घर कोणतं, ते बदललं. याला मूर्च्छना म्हणतात.

मी विचारलं, "सर, याचा स्टेजवर उपयोग काय?"

"काही नाही," सर म्हणाले. "उपयोगाचंच शिकायचं असेल तर वायरी गुंडाळायला शिका. कार्यक्रमानंतर तेच करायचं असतं."

तर त्या संध्याकाळची गोष्ट. एका लहान सभागृहात दोन कार्यक्रम होते. आधी एका बाईंचं शास्त्रीय गायन, मग आम्ही. आमचं पहिलं गाणं भूपातलं. तालमी पांढरी पाचवर झाल्या होत्या, कारण तिथून भूप वाजवला की पाचही सूर पांढऱ्या पट्ट्यांवर येतात आणि मी सुखात असतो. गिटारवालाही त्या पट्टीत सुखात असतो. काकांचा तबला पांढरी पाचला मिळवलेला. बासरीवाल्याच्या पिशवीत त्या पट्टीची बासरी सगळ्यात वर. संसार कसा मार्गी लागलेला.

विंगेत ताई म्हणाल्या, "अरे, घसा बसलाय. अर्धा सूर खाली घेऊ या. तेवढ्याने काय होतंय?"

तेवढ्याने काय होतं ते सांगतो. तबला अर्धा सूर उतरवायचा म्हणजे हातोडी घ्यायची आणि गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या विणलेल्या गोटावर, खालून ठोकायचं. वरून ठोकलं की सूर चढतो, खालून ठोकलं की उतरतो. तबल्याच्या कडेला अशी ठोकायची घरं सोळा, आणि ती सगळी एकाच मापाने उतरत नाहीत. एक ठोकून खाली आणलं की समोरचं चिडून वर जातं. काका एका घरावर बोट आपटत, कान लावत, ठोकत, परत बोट आपटत. आणि हे सगळं पडद्याआड निवेदक आमची स्तुती करत असताना.

गिटारवाल्याकडे कॅपो नावाची क्लिप असते. ती फ्रेटवर लावली की सगळ्या तारा एकदम चढतात. चढतात, उतरत नाहीत. खाली न्यायला क्लिप नाही. त्यामुळे त्याला जी-चे, म्हणजे पांढरी पाचचे, बोटांचे सगळे आकार सोडून, क्लिप दुसऱ्या फ्रेटवर लावून, ई-च्या आकारांनी वाजवावं लागणार होतं. त्याने डोळे मिटून हवेत बोटं हलवायला सुरुवात केली. बासरीवाल्याने पिशवी जमिनीवर ओतली. पांढरी चारची बासरी होती, पांढरी पाचची होती, काळी चारची होती. काळी तीनची तेवढी नव्हती. "अर्धी भोकं झाकून निभावतो," तो म्हणाला. त्याच्या आवाजात निभावण्याची खात्री नव्हती.

आणि मी? पांढरी पाचवरून अर्धा सूर खाली म्हणजे काळी तीन. म्हणजे आतापर्यंत पाचही पांढऱ्या होत्या, त्या आता पाचही काळ्या. सरांच्या त्या निरुपयोगी धड्याची पट्टी. एरवी मी घामाने भिजलो असतो. त्या दिवशी मी शांतपणे पेटीसमोर बसलो आणि इतरांकडे जरा दयेने पाहिलं. हा प्रसंग फार क्वचित येतो, म्हणून नोंदवून ठेवतो.

साउंड चेकला वेळ नव्हता. ध्वनिव्यवस्था बघणारा गृहस्थ लांबून अंगठा दाखवत होता. लहान कार्यक्रमांत या अंगठ्याचे अर्थ अनेक: माइक चालू आहे, माइक बंद आहे, मी जेवून येतो. आमच्या समोरच्या मॉनिटरमधून ताईंचा आवाज आणि माझी पेटी, एवढंच येत होतं. आमच्यामागे संयोजकांची इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्याची पेटी आधीच्या गायनापासून चालूच होती. तिचा आवाज आमच्याकडे जेमतेम पोचत होता, पण सभागृहात भरून राहिला होता.

निवेदकाने "राग भूप" असं जाहीर केलं. मी सा दिला, ताईंनी तो उचलला, आणि गाणं चाललं. कुणी चुकलं नाही. गिटारवाला ई-च्या आकारांत चक्क सफाईने फिरला. बासरीवाल्याने अर्ध्या भोकांनी जमेल तेवढंच वाजवलं, त्यामुळे तो प्रथमच संयमी कलाकार वाटला. काकांचा ठेका नेहमीपेक्षा वजनदार पडत होता. फक्त समोरचे लोक विचित्र वागत होते. हे गाणं प्रसन्न आहे. एरवी लोक मान डोलवतात, हलकंसं हसतात. त्या दिवशी पहिल्या रांगेतल्या आजोबांनी डोळे मिटले आणि मान खाली घातली. दुसऱ्या रांगेत एका काकूंनी पदर डोळ्यांना लावला. तिसऱ्या रांगेत आमचे सर बसले होते. त्यांचे खांदे हलत होते. मला वाटलं, त्यांनाही भरून आलं.

गाणं संपल्यावर टाळ्या पडल्या, पण दबक्या, कुणी गंभीर बातमी दिल्यासारख्या. कार्यक्रमानंतर ते पहिल्या रांगेतले आजोबा स्टेजवर आले आणि ताईंना म्हणाले, "भूप म्हणून सांगितलंत आणि मालकंस गायलात. पण काय गायलात! हल्ली इतकं धाडस कोण करतं?"

ताई नम्रपणे "आपला आशीर्वाद" म्हणाल्या. त्यांना काही कळलं नव्हतं. आम्हालाही नाही. सर रुमालाने डोळे पुसत वर आले, आणि ते रडत नव्हते. त्यांनी थेट तानपुऱ्याच्या पेटीकडे बोट दाखवलं.

आधीच्या बाईंनी शेवटी मालकंस गायला होता, काळी पाचमध्ये. मालकंसात पंचम नाही, म्हणून तानपुरा सा आणि मध्यम असा लावलेला. त्या गेल्या, तानपुरा राहिला. आम्ही काळी तीनचा भूप सुरू केला. तानपुऱ्यातला सा म्हणजे आमचा गंधार, त्यातला मध्यम म्हणजे आमचा धैवत. दोन्ही सूर भूपातलेच, त्यामुळे कुठेही खटकलं नाही. आम्ही आमच्या सा-वर येऊन थांबत होतो. ऐकणाऱ्यांच्या कानात घर मात्र काळी पाचला होतं. त्यांच्यापर्यंत पूर्ण सव्वासहा मिनिटं मालकंस पोचत होता. अर्ध्या सुराची मेहरबानी. पांढरी पाचवर राहिलो असतो तर पहिल्याच ओळीत सगळं सभागृह दचकलं असतं आणि कुणीतरी तानपुरा बंद केला असता.

"कुणाचंच काही चुकलं नाही," सर म्हणाले. "मात्र तबला कोमल धैवतात मिळवलेला मालकंस मी पहिल्यांदाच ऐकला."

काका हातोडी पिशवीत ठेवत होते, ते थांबले. सोळा घरं खालून ठोकून त्यांनी तो कोमल धैवत मिळवला होता.

ताई म्हणाल्या, "तरीच! मला गाताना मधेच उगाच गहिवरून येत होतं. मला वाटलं, घसा."

त्या रात्री आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मूर्च्छनेवर जेवढी चर्चा झाली तेवढी एखाद्या संगीत परिषदेत होत नसेल. गिटारवाल्याला तर हा प्रकार इतका आवडला, की पुढच्या वेळी मुद्दाम तानपुरा काळी एकला लावू, म्हणजे त्याच गाण्याचा दुर्गा होईल, असं तो सुचवू लागला. काकांनी त्याला उत्तर म्हणून फक्त हातोडीचा फोटो पाठवला. तानपुरा तपासायचं काम कुणाचं, यावर मात्र एकमत झालं नाही. मी म्हटलं, ज्याचं वाद्य सगळ्यात हलकं त्याचं. ताईंनी तो संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा दिसल्या. उत्तर आलं नाही.

बासरीवाल्याने मात्र काळी तीनची बासरी मागवली. ती हातात आली त्याच दिवशी ग्रुपवर ताईंचा निरोप होता: "घसा छान मोकळा झालाय. या वेळी काळी चार घेऊ. किंवा पांढरी सहा. तिथे गेल्यावर बघू."