आयएसबीएन नाही म्हणजे पुस्तकच नाही?

काल रात्री अकरा चाळीसला स्क्रीनवर लाल पट्टी आली. ‘रो 1, आयएसबीएन इनव्हॅलिड.’ म्हणजे यादीतल्या पहिल्या पुस्तकाचा आयएसबीएन, छापील पुस्तकाला मिळणारा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक, चालत नाही. वाचनालयांच्या एका योजनेचा अर्ज भरत होतो आणि बारा वाजता पोर्टल बंद होणार होतं. वाचनालयात मी आणि आमच्या ग्रंथपाल ताई दोघंच. माझ्या पुतण्याचा लॅपटॉप, ताईंच्या मोबाईलचा हॉटस्पॉट आणि टेबलावर उघडं ठेवलेलं पहिलं दाखल रजिस्टर, म्हणजे आलेल्या प्रत्येक पुस्तकाला क्रमांक देऊन नोंदवायची वही. त्या रजिस्टरात दाखल क्रमांक 1 ची नोंद 1962 सालची आहे. निळी शाई, टाक, सरळ रेघेत बसलेलं वळणदार अक्षर. तारीख, लेखक, पुस्तकाचं नाव, प्रकाशक, पानं, किंमत, कुठून मिळालं, सगळं आहे. आयएसबीएन नाही. कुठून असेल? 1962 साली जगातच आयएसबीएन नव्हता! त्याचं मानक 1970 चं आणि आपल्याकडे नंबर द्यायला सुरुवात झाली 1985 मध्ये. तेरा आकडी नंबर तर 2007 पासूनचा. ज्याने हा फॉर्म बनवला त्याला हे माहीत नसेल तर त्याने ग्रंथालयांसाठी फॉर्म बनवू नये. माहीत असून केलं असेल तर काय बोलणार.

योजना कसली, तर छोट्या ग्रंथालयांना संगणक, बारकोड स्कॅनर, प्रिंटर आणि वर्षभराचं सॉफ्टवेअर. देणाऱ्या संस्थेचं नाव घेत नाही, ज्यांनी अर्ज भरलाय त्यांना ते कळलंच असेल. अट अशी की किमान 500 ग्रंथांची यादी एक्सेलमध्ये आधी अपलोड करायची. म्हणजे संगणक मिळण्यासाठी आधी संगणक हवा. ही अट वाचली तेव्हाच मी अर्ज फेकून द्यायला निघालो होतो. ताई म्हणाल्या, भाऊ, बसू रोज रात्री दोन तास, होईल. एकोणीस रात्री बसल्या त्या. घरचा स्वयंपाक उरकून, मुलाला आजीकडे झोपवून यायच्या. मराठी टायपिंग शिकलेल्या नाहीत. मोबाईलवर करतात तसं इंग्रजी अक्षरं मारून मराठी उमटवायचं, ‘ळ’ साठी तीनदा मागे यायचं, ‘ज्ञ’ साठी कुठून तरी कॉपी करून आणायचं. 611 ओळी झाल्या. नमुन्याच्या शीटमध्ये आयएसबीएनच्या रकान्यावर सक्तीची तांबडी चांदणीसुद्धा नव्हती, म्हणून तो रिकामा ठेवला होता. आणि पोर्टलने 611 च्या 611 ओळी परत केल्या.

त्याच्या आधी रात्री नऊपासून ओटीपीचा खेळ चालू होता. रजिस्ट्रेशनचा मोबाईल नंबर आमच्या माजी अध्यक्षांचा, कारण संस्थेच्या जुन्या कागदांवर तोच आहे. आमचा चेंज रिपोर्ट, म्हणजे कार्यकारिणी बदलल्याचा अहवाल, दोन वर्षं पडून आहे, नवीन कार्यकारिणी कागदावर आलेलीच नाही. माजी अध्यक्ष 81 वर्षांचे, मुलीकडे पुण्याला असतात. त्यांना रात्री तीनदा फोन करून उठवलं. पहिला ओटीपी त्यांनी चष्मा शोधेपर्यंत संपला, दुसरा त्यांनी उलटा वाचला, तिसरा लागला. त्यांचा तरी काय दोष? या माणसाने हे वाचनालय पत्र्याच्या खोलीपासून उभं केलं आणि म्हातारपणी त्याच्याकडून आम्ही रात्री नऊ वाजता आकडे वाचून घेतोय!

लॉगिन झाल्यावर संस्थेचं नाव. मराठीत लिहिलं तर म्हणे ‘स्पेशल कॅरॅक्टर्स नॉट अलाउड’. मराठी अक्षरं स्पेशल कॅरॅक्टर! महाराष्ट्रातल्या वाचनालयांसाठी काढलेली योजना, मराठीला 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळालेला आणि वाचनालयाचं नाव मराठीत लिहिता येत नाही. रोमनमध्ये लिहिलं. मग पॅन कार्डवरचं स्पेलिंग वेगळं, बँकेचं वेगळं, नोंदणी प्रमाणपत्रावर तर मूळ नाव मराठीतच. जुळत नाही म्हणून पुन्हा लाल पट्टी. ही लाल पट्टी बघितली की माझं डोकं सणकतं, गेली पाच-सहा वर्षं हेच चालू आहे.

अकरा पंचेचाळीसला अर्जदारांच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘तेरा शून्यं टाका, घेतं.’ ताईंनी पहिल्या ओळीत टाकून बघितली. घेतली! तेरा शून्यं त्या पोर्टलला चालतात, खरं पुस्तक चालत नाही. दुसऱ्या ओळीत तीच टाकली तर ‘डुप्लिकेट’. मग ग्रुपवर दुसऱ्याने सांगितलं, नेटवरून कुठल्याही पुस्तकांचे नंबर उचला आणि चिकटवा. ताईंनी माझ्याकडे बघितलं. घड्याळात अकरा एकावन्न. मी म्हटलं, नाही. आपल्या दाखल नोंदीत खोटा नंबर जाणार नाही. बारा वाजले, पोर्टल बंद झालं. ताईंनी लॅपटॉप मिटला, रजिस्टर कापडात गुंडाळून कपाटात ठेवलं आणि काही न बोलता घरी गेल्या. एकोणीस रात्री!

आणि खरा राग इथून पुढचा आहे. आज सकाळी हेल्पलाईनला फोन लावला. चाळीस मिनिटांनी एक मुलगा बोलला, आवाज अगदी नम्र. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘सर, कुठलाही नंबर टाकायचा होता ना. तो कुणी तपासत नाही.’

कुणी तपासत नाही. मग मागता कशाला? जो आकडा कुणी बघणार नाही, ज्याचा कुणाला उपयोग नाही, त्याच्यासाठी एका बाईच्या एकोणीस रात्री? आणि खोटा टाकायचा सल्ला तुम्हीच देता? अहो, ग्रंथालयात दाखल नोंद म्हणजे काय असते ते कळतं का तुम्हाला? तपासणीला अधिकारी येतात तेव्हा ते कपाटातलं एक पुस्तक काढतात, दाखल क्रमांक बघतात, रजिस्टर उघडतात आणि नोंद लावतात. एक नोंद चुकली तर आम्हाला उत्तर द्यावं लागतं. साठ वर्षांत आमच्याकडे एक आकडा गिरवून बदललेला नाही, चुकला तर लाल शाईने रेघ मारून शेजारी सही आहे. त्या रजिस्टराची यादी करताना आम्ही तेरा आकडे मनाने भरायचे? त्या मुलावर मी ओरडलो. नको होतं ओरडायला, तो पगारी माणूस, फॉर्म त्याने बनवलेला नाही. पण ज्याने बनवला त्याचा फोन नंबर कुठे असतो?

एकदा बोलायला लागलोच आहे तर सगळंच बोलतो. दर महिन्याला कुणीतरी ‘ग्रंथालयांसाठी मोफत’ काहीतरी घेऊन येतं. मोफत सॉफ्टवेअर, मोफत ई-बुक, मोफत वेबिनार. मोफत असेल तुमच्या बाजूने. आमच्या बाजूने ते ग्रंथपालाच्या तासांत मोजावं लागतं आणि त्या तासाची किंमत कुणालाच द्यायची नाही. 2022 मध्ये ग्रंथालयांच्या सरकारी अनुदानात 60 टक्के वाढ झाली, तीही दहा वर्षं वाट बघून. त्या वाढीनंतर ड वर्गाच्या, म्हणजे सर्वांत खालच्या वर्गाच्या ग्रंथालयाचं वर्षाचं अनुदान 30,000 वरून 48,000 झालं. वर्षाचं! त्यातलं निम्मं पगाराकडे धरलं तर ग्रंथपालाला महिन्याला दोन हजार पडतात. आम्ही क वर्ग, आमचा आकडा 96,000 वरून 1,53,600 वर गेला, त्यात ग्रंथपाल, शिपाई, वीज, वर्तमानपत्रं, मासिकं, पुस्तकं आणि दिवाळी अंक. हप्ता कधी येईल त्यावर पेपरवाल्याची उधारी ठरते. अशा माणसाला तुम्ही सांगता की क्लाउडवर कॅटलॉग करा, मेटाडेटा भरा, अहवाल फोटोंसह अपलोड करा, फोटो 200 केबीच्या आत!

कोहा या ग्रंथालयाच्या मोफत सॉफ्टवेअरचं मला कौतुक आहे, खरंच आहे. न्यूझीलंडमधल्या एका ग्रामीण भागातल्या ग्रंथालयाला स्वतःसाठी हवं होतं म्हणून ते तयार झालं आणि 2000 च्या जानेवारीत सुरू झालं. कोहा हा माओरी शब्द, अर्थ भेट. त्यांनी ते जगाला देऊन टाकलं. ज्यांना देवघेवीच्या टेबलाशी रोज उभं राहायचं होतं त्यांच्या गरजेतून ते निघालं, म्हणून ते टिकलं. पण ते आमच्याकडे चालवायचं तर सर्व्हर कोण बसवणार, बॅकअप कोण घेणार, बंद पडलं तर कुणाला बोलवायचं? तालुक्याला एक जाणकार माणूस द्या, पगारावर. एक! महिन्यातून एकदा प्रत्येक वाचनालयात येऊन बसेल असा. त्याच्यासाठी योजना काढायला कुणी तयार नाही, कारण माणसाच्या पगाराचं उद्घाटन करता येत नाही. संगणकाचं करता येतं. आमच्याकडे एक संगणक असाच हार घालून आला होता, दहा वर्षांपूर्वी. त्यावर दीड हजार पुस्तकांची यादी श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाईप केलेली आहे. आज ती युनिकोडमध्ये उघडली की नुसती चिन्हं दिसतात. आता पहिल्यापासून.

आणि ते ‘सगळं ऑनलाईन फुकट मिळतं, वाचनालय कशाला’ म्हणणारे! नॅशनल डिजिटल लायब्ररी आहे, खरगपूरच्या आयआयटीने उभी केलेली, आमची अकरावी-बारावीची मुलं वापरतात, मीच त्यांना नावनोंदणी करून देतो. मराठी विश्वकोश ऑनलाईन आहे, साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात. उत्तम काम आहे, मी रोज वापरतो. पण आमचा वाचक मागतो ती कादंबरी तिथे नसते, कारण लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं कॉपीराइट असतो आणि तो असायलाच हवा. मग उरतात व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या चोरीच्या पीडीएफ. त्या मला कुणी ‘वाचनालयासाठी भेट’ म्हणून पाठवल्या की मी त्या माणसाला ब्लॉक करतो. लेखकाच्या ताटातलं ओढून वाचनसंस्कृती वाढवायची नाही मला.

संशोधन नियतकालिकं ऑनलाईन पुरवणारी केंद्राची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना आली तेव्हा मी पेपरात बातमी तीनदा वाचली होती. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी, जवळजवळ 13,000 नियतकालिकं. सरकारी उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्थांसाठी. चांगलंच आहे, त्यांना मिळायलाच हवं. पण स्पर्धा परीक्षेची जी तीस-पस्तीस पोरं सकाळी सातपासून आमच्या अभ्यासिकेत बसतात, त्यातल्या एकाने विचारलं, काका, आपल्याला पण मिळणार का? काय सांगायचं होतं मी त्याला?

1910 साली सयाजीराव गायकवाडांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बडोद्याला आणला आणि संस्थानातल्या गावागावांत लाकडी पेट्यांतून पुस्तकं पोचवली. पेटी गावात यायची, वाचून झाली की पुढच्या गावाला जायची. पुस्तक गावापर्यंत नेणं हे ज्याचं काम होतं त्याने ते केलं. आता एकशे पंधरा वर्षांनी गावानेच पोर्टलपर्यंत चालत जायचं, ओटीपी हातात धरून. ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगणाऱ्या रंगनाथनांचा चौथा नियम आम्ही भिंतीवर लावलाय, वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथपालाचा वेळ खाऊन वाचकाचा कसा वाचेल? काल दोन तास आधी देवघेव बंद करावी लागली अर्जासाठी. एक आजी पिशवीत पुस्तक घेऊन पायऱ्या चढून आल्या आणि दार बंद बघून परत गेल्या. शेजारच्या किराणावाल्याने आज सांगितलं. तिसऱ्या आळीतून येतात त्या, गुडघ्यांचं ऑपरेशन झालंय.

त्या संस्थेला आज दुपारी पत्र टाकलं. मराठीत. चार गोष्टी मागितल्या आहेत. 2007 च्या आधीच्या पुस्तकांना आयएसबीएनची सक्ती काढा. देवनागरी नाव स्वीकारा. ओटीपीचा नंबर ग्रंथालयाच्या लेटरहेडवरच्या अर्जाने बदलता येऊ द्या. दिवाळी अंकांसाठी वेगळा रकाना द्या, 1909 पासून निघतायत ते, आमच्याकडे नोव्हेंबर-डिसेंबरात त्यांच्यासाठी रांग लागते आणि तुमच्या यादीत त्यांना जागाच नाही. खाली ताईंच्या एकोणीस रात्रींचा हिशेब तारखांसह दिलाय, रोजचे किती तास ते लिहून. ज्यांचे ज्यांचे अर्ज काल याच कारणाने अडकले त्यांनी असंच पत्र पाठवा. एकट्याचं पत्र तक्रारपेटीत जातं, पन्नास आली तर कुणाला तरी उघडावी लागतील.

दुपारी तीनला ताई आल्या. मला वाटलं होतं आज येणार नाहीत. लॅपटॉप उघडला, शीटमधला आयएसबीएनचा रकानाच काढून टाकला आणि म्हणाल्या, यादी तर आपल्याला लागणारच आहे ना, भाऊ. पुतण्याला सांगून लॅपटॉप महिनाभर ठेवून घेतलाय. मी रजिस्टर वाचून दाखवतोय, त्या टाईप करतायत. दाखल क्रमांक 640 झाला.