दोन किलोंचा हिशोब

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा चिडलो, खोटं कशाला बोलू. मी लिहिलं होतं की समुद्राच्या लाटांतल्या शर्यतीसाठी पॅडलबोर्ड, म्हणजे उभं राहून वल्हवायची फळी, घेताना वजन सगळ्यात शेवटी बघा. त्यावर तुम्ही म्हणता, हे ८६ किलोच्या बाप्याचं शहाणपण आहे. तुमचं वजन ५४, बोर्ड गाडीपासून पाण्यापर्यंत एकटीच नेता, आणि हलका बोर्ड लाट लवकर पकडतो हे मी सोयीस्करपणे गाळलं.

गाळलं खरं. मी, १२ किलोचा बोर्ड, जॅकेट, पाणी, वल्हं असं सगळं धरून शंभरी पार होते. हलक्या आणि जड बोर्डात दोन किलोंचा फरक धरला, तर माझ्यासाठी ते दोन टक्के. तुमच्या बाबतीत तेच दोन किलो जवळजवळ तीन टक्के होतात. नदीत एका लयीत वल्हवताना ते फारसे जाणवणार नाहीत. पण वारा पाठीशी घेऊन जाताना पाच-सहा जोरकस हात मारायचे, लाटेवर चढायचं, घसरायचं आणि पुन्हा तेच. दर वेळी नव्याने वेग घ्यावा लागतो आणि तिथेच किलो बोचतात. हा मुद्दा तुमचा, बिनशर्त.

बाकी माझं म्हणणं सोडत नाही. ऑस्ट्रेलियातल्या पर्थला उन्हाळ्यात दुपारी 'फ्रीमँटल डॉक्टर' नावाचा समुद्रवारा सुटला की नैऋत्येकडून वारा, त्याखाली लांबून आलेली मोठी लाट, आणि बंदराच्या दगडी बांधावरून उलटणारं पाणी, सगळं एकमेकांत घुसतं. तिथे मी एकदा मित्राचा २२ इंच रुंदीचा, जेमतेम १० किलोचा बोर्ड नेला. अकरा वेळा पडलो. पडायचं, दोरी ओढून बोर्ड जवळ आणायचा, चढायचं, उभं राहायचं. तोवर चार-पाच चांगल्या लाटा खालून निघून जायच्या. पुढच्या आठवड्यात साधारण तशाच वाऱ्यात माझा २५ इंची, साडेबारा किलोचा धोंडा नेला. दोनदाच पडलो आणि सहा मिनिटं आधी पोचलो.

म्हणून आधी रुंदी, नाकाचा (पुढच्या टोकाचा) उंचावा आणि लिटर, म्हणजे बोर्डाचं आकारमान, बघा. लांबीचा प्रश्न नाही, शर्यतीत बहुतेक जण १४ फुटीच घेतात. तुम्हाला माझ्याएवढे लिटर नकोत. जास्त तरंगणाऱ्या बोर्डवर हलका माणूस बुचासारखा वर राहतो आणि आडवा वारा त्याला हवं तिकडे ढकलतो. तुमच्या मापाचा, कमी लिटरचा बोर्ड मुळातच लहान, म्हणून हलका. तो हलकेपणा घ्या. मोठ्याच बोर्डाची साल पातळ करून आणलेला हलकेपणा नको.

त्या सालीचा अनुभव महागात पडलाय. आत थर्माकोलसारखा फोम, वर कार्बनचा पातळ थर. वल्ह्याचा दांडा कडेला लागला, केसाएवढी चीर पडली, मला दिसलीच नाही. तीन आठवड्यांनी शंका आली म्हणून बाथरूमच्या काट्यावर बोर्ड घेऊन उभा राहिलो, मग एकटा. वजाबाकीत बोर्ड ७०० ग्रॅम जड! सगळं आत शिरलेलं पाणी. (छापील वजनात फिन, म्हणजे बोर्डाखालचा पर, धरलेली असतेच असं नाही, हेही लक्षात असू द्या.)

किनाऱ्यापर्यंत नेण्याबद्दल म्हणाल, तर खांद्याला फरक पडतो, पण डॉक्टर सुटल्यावर १४ फुटांचं ते शीडच होतं, नऊ किलोचं असो की बाराचं. बोर्ड ठेवून ओढायची दोन चाकांची छोटी गाडी घ्या.

आणि पैसे मोजण्याआधी एक करून बघा. भाड्याने बोर्ड घ्या, एक-एक लिटरच्या दोन बाटल्या चिकटपट्टीने पायांजवळ मधोमध बांधा आणि पर्थच्या स्वान नदीत थांबून-थांबून वेग घ्या. मग एक नाकावर, एक शेपटीवर बांधून तेच. मला दुसऱ्या वेळी बोर्ड वळवताना आणि नाक उचलताना जास्त त्रास झाला, वजन तेवढंच असून. बाटल्या काठोकाठ भरा मात्र, अर्धवट असल्या की आतलं पाणी हिंदकळतं आणि काही कळत नाही.