त्या सुईवर टाके होते!

आज सकाळी बेसिन तुंबलं. तुंबू दे. घरात खराटा आहे, खराट्याला शंभर हीर आहेत, जुने टूथब्रश आहेत, माळ्यावरच्या डब्यात तारेचं भेंडोळं आहे. पण नवऱ्याच्या नजरेला काय पडावं? माझी दहा नंबरची सुई. विणकामासकट. मग त्याने ते विणकाम सुईवरून अलगद सरकवलं (अलगद हा त्याचा शब्द) आणि सुई बेसिनच्या जाळीत खुपसली.

९६ टाके होते. जाळीची वीण. काखेपर्यंत आलेली पाठ.

बरं, काढलं ते काढलं, वर त्याची घडी घातली! रुमालाची घालतात तशी चौकोनी, तळहाताने दाबून. मी दूध घेऊन वर आले तर सोफ्यावर ती घडी, आणि शेजारी कर्तव्य बजावल्याचा चेहरा. "नीट ठेवलंय हं तुझं." उचललं तर मधले टाके चार-चार ओळी खाली धावलेले. साधं सुलट-उलट असतं तर शिव्या घालत घालत उचलले असते. जाळीत कुठला टाका घ्यायचा आणि कुठला नुसता वेढा, हे आता ब्रह्मदेवाला विचारा.

मी ओरडले. तर हा माणूस शांतपणे म्हणतो, "अगं दोन होत्या, मी एकच घेतली."

दोन होत्या! मी एकच घेतली! पंचवीस वर्षं माझ्यासमोर बसून मॅच बघतोय हा, मी दोन सुयांवर विणते हे बघत. चपला पण दोन असतात, एक घालून जातोस का ऑफिसला?

आणि कितवी ओळ चालू आहे त्याच्या रेघा मारायची माझी चिठ्ठी? तिच्या मागे प्लंबरचा नंबर. म्हणजे शेवटी प्लंबरच बोलावायचा होता. सुईचं टोक वाकलंय ते वेगळंच. धुऊन, पुसून पेनस्टँडमध्ये ठेवलीय, त्या वासासकट.

ती जोडी आईची होती. आता नवी आणायची म्हणजे पुन्हा त्या दुकानात जाणं आलं. मागच्या वेळी त्याला दहापेक्षा बारीक सुई मागितली तर त्याने आठ नंबर काढून दिली. "आठ दहापेक्षा लहानच ना ताई?" अरे बाबा, नंबर वाढला की सुई बारीक होते, तू विकतोस ना हे? याच महाभागाने मला वेगळ्या लॉटची लोकर "सेम टू सेम" म्हणून गळ्यात मारली होती. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली सेम. घरी उन्हात एक बाही पिस्ता आणि एक बाही शेवाळ.

आणि ते पाहुणे! हातात घेणार, उलटं करणार, ताणून बघणार. "पायपुसणं का?" नाही हो, शाल आहे. "अच्छा! बाजारात अडीचशेला मिळते की." मग घ्या की! त्याच वर जाता जाता, "मला पण एक कर ना, तुझा तेवढाच वेळ जाईल." माझा वेळ तुमच्या शालीवाचून छान जातो. टाके मोजताना बोलणाऱ्यांबद्दल तर मी बोलतच नाही. कापडाच्या कात्रीने पुठ्ठा कापणारी माझीच मुलगी आहे, तिचं काय करणार? आणि त्या व्हिडिओवाल्या बाया: पहिली ओळ बारा मिनिटं दाखवणार, आणि गळा आला की "असंच पुढे पूर्ण करून घ्या."

असंच पूर्ण करून घेता आलं असतं तर काय हवं होतं?

हे मी दुपारी अगदी तावातावाने म्हणत असताना नवऱ्याने फक्त एक प्रश्न विचारला. "कुणासाठी आहे हा स्वेटर?"

भाचीच्या बाळासाठी. तिच्या डोहाळजेवणाच्या दिवशी टाके घातले होते. सहा महिन्यांचं माप. ते बाळ परवा व्हिडिओ कॉलवर मला म्हणालं, "मावशीआजी, मी एबीसीडी म्हणू?" वर भाची राहते चेन्नईला. हो, चेन्नईत लोकरीचा स्वेटर. हसा. त्याच चेन्नईत २०१६ साली बायकांनी क्रोशाचे तुकडे जोडून ११ हजार चौरस मीटरहून मोठं पांघरूण केलं आणि गिनीजमध्ये नाव लावलं. मला एक वीत पाठ संपत नाही.

मग तावातच कपाटातली ती पिशवी ओढली, दुसरी सुई शोधायला. त्यात काय निघावं? एक मोजा. त्याचा जोडीदार जन्मालाच आला नाही. २०२०च्या लॉकडाऊनमधलं मॅक्रमेचं शिंकं, निम्म्या गाठींचं. आईच्या साड्यांची गोधडी, जिचा धावदोरा एका कोपऱ्यातून निघून मध्यावर विसावलाय. आणि कॉलेजात असताना कार्बन पेपरने छापलेला टेबलक्लॉथ, एक मोर भरलेला, तीन मोर अजून निळ्या रेघेतच. ते टेबलही आता घरात नाही.

ही सगळी त्याने मोडली नव्हती, हे मान्य. पण हे त्याला सांगणार नाही.

सध्या क्रोशाची सुई घेऊन एकेक टाका वर आणतेय. पहिल्यांदा ९३ भरले, दुसऱ्यांदा ९७. आता तिसऱ्यांदा मोजतेय. एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट... आणि आतून आवाज येतोय, "अगं, पायजम्यात नाडी ओवायचीय, ती दुसरी घेऊ का?"